सोडियम नव्हे, सोडियम आयन

मुलांनो, दुसऱ्याचं चुकीचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय ज्याला घास गिळता येत नाही, असा माणूस अख्ख्या जबलपुरात एकच, आणि तो तुमच्या शकूआजीचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. चेरीतालच्या एका लग्नात कोणीतरी सहज म्हणालं, "मीठ नको, त्यात सोडियम असतं." झालं! भावजींनी ताटं घेऊन उभी असलेली सगळी रांग थांबवली. "सोडियम काहून खाल, भैया? तो धातू आहे, पाण्यात टाकला की पेटतो. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तोच त्याला स्वस्थ बसू देत नाही. क्लोरीन हा विषारी वायू, त्याला नेमका एक कमी. यानं दिला, त्यानं घेतला. दोघंही आयन झाले, दोघंही शांत. मिठात असतो तो सोडियम आयन!" मागून शकू म्हणाली, "चलो, आता तुम्ही पण शांत व्हा. पुऱ्या थंड होऊन राहिल्या." आपला संसारही असाच जमला, असं ते सांगत: "मी दिला, हिनं घेतला." त्यावर शकू विचारी, "काय दिलं हो? कधी साखर तरी आणून दिली?"

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं. भावजींना कमी म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्यांनी मीठ पार बंद केलं. रक्तदाबाच्या गोळ्याही लघवीवाटे मीठ बाहेर काढतच होत्या. एका सकाळी त्यांनी शकूला विचारलं, "दीदी, हे घर कोणाचं?"

इस्पितळात तरुण डॉक्टर म्हणाले, "अंकल का सोडियम बहुत गिर गया है।" आम्ही दोघींनी चटकन भावजींकडे पाहिलं. ते नुसतं "अच्छा" म्हणाले. शकूनं माझा हात घट्ट धरला. "ताई, त्यांनी टोकलं नाही गं."

"सोडियम आयन, डॉक्टरसाहेब," मीच म्हणाले. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

सलाईन हळूहळू चालू आहे. आकडा वर येतो आहे, पण भान कधी येईल, येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. शकू रोज दुपारी त्यांच्या कानाशी वाकते आणि मुद्दाम चुकीचं बोलते, "अहो, तुमचं सोडियम वाढून राहिलं बरं का." मग त्यांच्या ओठांकडे बघत बसते.

काल त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडल्यासारखं मला वाटलं. शकूला मी अजून सांगितलेलं नाही.