खिडकीबाहेरचा बाबू

कोणी पोरगा फॉर्म भरायला बसला की ते आधी त्या फॉर्मवर आपला पंजा आडवा ठेवत. पोराने पेन उघडलेलं, नाव लिहायची घाई झालेली, आणि मध्येच हा हात. "थांब गा. आधी वाच, मंग लिव." पोरगा चिडायचा. पण दोन्ही पानं वाचली असं त्याने कबूल करेपर्यंत हात काही हलायचा नाही.

हे कॉलेजच्या आत नाही, कॉलेजच्या फाटकासमोर, कडुनिंबाखालच्या चहाच्या टपरीवर चालायचं. नागपुरात तेव्हा ज्यांनी कॉलेज प्रवेशाचे हाल काढले असतील, त्यांना अशी एखादी टपरी आठवत असेल. मॅट्रिकचा निकाल लागला की जूनभर तिथे पोरांचा बाजार भरायचा. उमरेडचे, कोराडीचे, हिंगण्याचे, कुठकुठचे. सायन्स बंद झालं म्हणे, मुलींची लिस्ट वेगळी लागते म्हणे, अमक्याची चिठ्ठी आणली तर होतं म्हणे. सगळ्या 'म्हणे'च्या मधोमध हे गृहस्थ बाकावर कटिंग घेऊन बसलेले असायचे. पोरांना वाटे, कोणाचा तरी काका असेल.

ते आमच्याच कॉलेज ऑफिसातले बाबू होते. प्रवेशाच्या टेबलावरचे. मी तिथे नवा क्लार्क म्हणून लागलो तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून हा माणूस जातो कुठे, हे पाहायला मी एकदा मागे गेलो, आणि हा दुसरा दरबार पाहिला.

आता हे का चोरून करायचं, ते सांगतो. आमच्या बडेबाबूंचा, म्हणजे हेडक्लार्कचा, हुकूम होता की उमेदवारांशी काय बोलायचं ते खिडकीतून, आणि शक्यतो बोलायचंच नाही. बडेबाबूंचं सारं वजन लोकांच्या अज्ञानावर होतं. कोणता दाखला लागतो हे पोराला चौथ्या खेपेला कळायचं, आणि तोवर जागा भरलेली असायची. कोणाच्या तरी ओळखीच्याने. मी बडेबाबूंबद्दल हे सौम्य शब्दांत लिहीत नाही. तसं लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे.

टपरीवर शिकवून आलेला फॉर्म आमच्या बाबूंना लांबूनच ओळखू यायचा. तो सहीसाठी बडेबाबूंकडे ते स्वतः घेऊन जात आणि टेबलापुढे हात बांधून उभे राहत. बडेबाबू फॉर्म उलटा करत, सुलटा करत, दाखल्यावरचा शिक्का उजेडात धरून पाहत. चूक सापडायची नाही. शेवटी कडू काढा प्यावा तसं तोंड करून सही करत. बाबू परत येऊन खुर्चीत बसत, आणि मला हळूच म्हणत, "आज भात चांगला जाईल."

एकदा मी विचारलंच, एवढी खुन्नस काहून? मग एका दुपारी, पावसाने लाईट गेली होती आणि काम बंद होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं. घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते मॅट्रिक झाले, चांगल्या मार्कांनी. याच कॉलेजात फॉर्म भरायला आले. धर्माच्या रकान्यात त्यांनी 'बौद्ध' लिहिलं. घरात हा शब्द सरकारी कागदावर लिहिणारे ते पहिले. खिडकीतला बाबू म्हणाला, मग तुला सवलत नाही, खोडून जुनी जात लिही. त्यांनी खोडलं नाही. फॉर्म परत आला, चार वाजले, खिडकी बंद झाली. त्यांचं शिक्षण तिथे संपलं.

प्राचार्यांच्या नावाने एक साधा अर्ज जोडला असता तर काम झालं असतं. त्या वर्षी दोघा-तिघांचं तसं झालंही होतं, आणि खिडकीतल्या बाबूला ते माहीत होतं. त्याने सांगितलं नाही, एवढंच. हे त्यांना कळलं चार वर्षांनी, जेव्हा बाबू होण्याआधी ते त्याच कॉलेजात चपराशी म्हणून लागले आणि जुन्या फायली झटकायला लागले. खिडकीतला तो बाबू म्हणजे आमचे बडेबाबू.

"त्यानं मले सांगतलं नाई. मी साऱ्याईले सांगतो. असा बदला घेऊन राहिलो मी, बाप्पा," ते म्हणाले.

मला हा बदला फार आवडला होता. मीही त्या माणसाच्या हाताखाली वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या.

मग ते वर्ष आलं. कोणीतरी चहाडी केली आणि टपरीची गोष्ट बडेबाबूंच्या कानावर गेली. ते ओरडले नाहीत. त्यांनी शिक्षा शोधून काढली. वेटिंग लिस्ट वऱ्हांड्यातून मोठ्याने पुकारायची आमची पद्धत होती. नाव तीनदा पुकारायचं, उमेदवार स्वतः हजर नसला तर लाल पेन्सिलीने खोडायचं आणि जागा पुढच्याला. हे पुकारणं नेहमी अकराला असे. बडेबाबूंनी आदल्या संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर दहाची नोटीस लावली, आणि म्हणाले, "उद्या तुम्ही पुकारा. तुमचीच पोरं, तुमच्याच हाताने खोडा."

दोन जागा उरल्या होत्या. लिस्टमध्ये पहिलं नाव कोराडीच्या एका मुलीचं. बाप वीज केंद्रात कोळशाच्या कामावर, तिचा फॉर्म याच टपरीवर भरलेला. ती अकराच्या हिशोबाने बसने येणार होती. जागा हुकली तर तिच्या बापाने लग्न ठरवून ठेवलं होतं, हे साऱ्या टपरीला ठाऊक होतं. दुसरं नाव बडेबाबूंच्या भाच्याचं. तिसरा उमरेडचा, कोष्ट्याचा पोरगा, जो रात्रीपासून धर्मशाळेत येऊन पडला होता.

सकाळी ऑफिसात शिरताना बाबू टपरीवाल्याला एवढंच म्हणाले की कोराडीची बस पाहा. पाच-सहा पोरं सायकली घेऊन सुटली.

दहा वाजता त्यांनी मुलीचं नाव पुकारलं. कोणी नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. पाणी मागवलं आणि बसून प्यायले. वीस मिनिटांनी दुसऱ्यांदा पुकारलं. बडेबाबू मागून म्हणाले, काय तमाशा आहे, खोडा. बाबूंनी नियमांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"तीनदा पुकारा म्हून लिवलं हाय साहेब. किती वेळात, ते नाई लिवलं."

साडेदहा होऊन गेले तेव्हा ती आली. बसस्टँडवरून सायकलवर डबलसीट, केसांत कोळशाची धूळ, दाखल्यांची पिशवी छातीशी धरलेली. त्यांनी तिसऱ्यांदा पुकारलं, ती "हजर" म्हणाली, आणि वऱ्हांड्याखाली पोरांनी असा कल्ला केला की प्राचार्य खिडकीत आले.

आता दुसरं नाव. भाचा घरी होता. आमच्याकडे घरच्या पोरांची हजेरी घरूनच लागायची, ही बडेबाबूंचीच रीत. बाबूंनी ते नाव एका दमात तीनदा घेतलं आणि लाल पेन्सिल ओढली. बडेबाबू म्हणाले, येतोय तो, निघालाय, तिला अर्धा तास दिलास ना? बाबू म्हणाले, "वेळ लिवलेली नाई साहेब." उमरेडचा पोरगा आत गेला.

भाच्याचा काही दोष नव्हता. साधा मुलगा होता, पुढे दुसरीकडे शिकला. तरी त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही. अजूनही होतो.

बाबूंवर चौकशी बसली. मला विचारलं, हे टपरीवर उमेदवारांत बसत होते का? माझी नोकरी कच्ची होती. मी "हो" म्हणालो आणि सही केली. पुढचं मी त्याच खोलीत उभा राहून ऐकलं. प्राचार्यांनी विचारलं, बडेबाबूंशी तुमचं वैर कशाचं? तेव्हा त्यांनी ती जुनी गोष्ट पहिल्यांदा बडेबाबूंच्या तोंडावर सांगितली. सगळी. बडेबाबूंनी खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाले, "असे कितीतरी यायचे. कोण लक्षात ठेवतो?"

ते खोटं बोलत नव्हते. तेच वाईट होतं.

बाबूंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. फॉर्मला हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम. बाहेर पडताना मी मान खाली घालून उभा होतो. "त्याले याद बी नाई," एवढंच ते म्हणाले, आणि जिन्यावर जरा वेळ बसले.

मला वाटलं, आता संपलं. पण पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा बाकावर. मी म्हटलं, आता कशासाठी? ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याला पत्ताच नाही. ते म्हणाले, "बदला तं गेला गा. पोट्टे तं येऊनच राहिले ना."

त्यानंतर दोन जून त्यांना मिळाले. मग कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

ऑफिसात शोकसभा झाली. बडेबाबू अध्यक्ष. त्यांनी घसा साफ केला, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ असे शब्द काढले, आणि नाव घेतलं ते भलत्याच एका चपराशाचं. सगळ्यांच्या माना खाली होत्या, चहा यायचा होता.

मी उठलो. त्यांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. म्हटलं, "साहेब, हे नाव घ्या. आम्ही ऐकतो."

बडेबाबूंनी ते पूर्ण नाव घेतलं. आवाज लहान होता, म्हणून मी म्हटलं, मागे ऐकू आलं नाही.