उलटी उडी

चेन्नईत वडपळनीतल्या ज्या स्टुडिओत मी काम करते, तिथे जुने सिनेमे धुऊन-पुसून पुन्हा थिएटरात लावण्याजोगे करतात. धुणं-पुसणं संगणकावरचं असतं. फिल्म स्कॅन होऊन आमच्याकडे येते आणि आम्ही एकेक फ्रेम उघडून तिच्यावरचे ओरखडे, बुरशीचे डाग, उडालेले रंग नीट करत बसतो. काम कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं आणि जमतंही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक जुना तमिळ कराटेपट आला. सगळ्या गावाला कराटेचं वेड लागलं होतं त्या काळातला. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला मुलगा, त्याला काठी शिकवणारा म्हातारा गुरू, आणि शेवटी दगडाच्या खाणीत वीस-पंचवीस जणांशी एकट्याची मारामारी. टीव्हीवर लागला की अजून लोक हातातलं काम सोडून बघतात. आमच्या घरात त्याला वेगळाच मान होता, कारण माझे धाकटे काका त्यात हिरोचे डूप, म्हणजे त्याच्या जागी उड्या मारणारे, होते.

काका तंजावरहून मद्रासला आले तेव्हा तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे लॉजमध्ये, इतर ब्रह्मचाऱ्यांबरोबर खोलीत राहायचे. सिलंबम, म्हणजे आमच्याकडची लाठी, ते गावी शिकलेले. सकाळी मरीनावरच्या वाळूत फिरवायचे. तिथेच एका फाइट मास्टरने त्यांना हेरलं. लाठीसाठी नव्हे, पाठीसाठी. त्यांची पाठ आणि हिरोची पाठ मागून अगदी सारखी दिसायची.

त्या सिनेमातली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली जागा म्हणजे खाणीतली उडी. हिरोला चहूकडून घेरलेलं असतं आणि तो उभ्या जागेवरून दीड पुरुष उंच भिंतीवर उडी मारून चढतो. काका ती कशी झाली ते सांगत. "वर कोण उडेल गं? मी भिंतीवर उभा होतो. तिथनं पाठीमागे खाली उडी मारली. कॅमेऱ्यात फिल्म उलटी फिरत होती. पडद्यावर बघितलं की मी वर जातो. धूळ बघ कधी. ती पण उलटी जाते, पायाखाली शिरते. पण धूळ कोण बघतो?"

खाली वाळू पसरली होती. दुसऱ्या खेपेला पाय वाळूच्या कडेवरच्या दगडावर आला आणि टाच फुटली. सिनेमात ठेवलेली उडी तीच. पुढे पाय कधी सरळ झाला नाही आणि सिनेमाचं काम सुटलं. मास्टरनेच शब्द टाकून गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

घरात या गोष्टीवर कुणी उघड अविश्वास दाखवला नाही, पण पूर्ण विश्वासही ठेवला नाही. माझे वडील हसून म्हणायचे, "पाठ कुणाचीही असू शकते." उडीच्या टोकाला डूपचं तोंड क्षणभर कॅमेऱ्याकडे वळतं, पण जुन्या प्रिंटमध्ये तिथे नुसता करडा ठिपका दिसायचा.

ते रीळ मी मागून घेतलं. काका त्यात आहेत हे कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस ओरखडे काढले, मग धूसरपणा कमी करत गेले आणि एका दुपारी त्या करड्या ठिपक्यातून नाक वर आलं. आमच्या घराण्याचं, मधे उंचवटा असलेलं नाक. मग कपाळ, मग जबडा. तिशीच्या आतले काका. मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. आमच्याकडे फोन बाहेर कपाटात ठेवावे लागतात, नाहीतर तेव्हाच फोटो काढून पाठवला असता. मग वाटलं, बरंच झालं. थेट थिएटरात, मोठ्या पडद्यावर दाखवू.

आनंदाच्या भरात मी आमच्या सुपरवायझरला बोलावून, हे माझे काका म्हणून दाखवलं. त्यांनाही मौज वाटली. दुसऱ्या दिवशी निर्मात्याकडची माणसं काम बघायला आली, तर सुपरवायझरांनी त्यांनाही दाखवलं. त्या माणसांना मौज वाटली नाही.

सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "हिरोचा चेहरा बसवायचाय. एवढ्या मोठ्या पडद्यावर दुसराच माणूस दिसला तर लोक हसतील, म्हणतायत. तुझे काका आहेत, मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

मी म्हटलं, "नको. मी करते."

तेव्हा स्वतःला सांगितलं की दुसरा कुणीतरी धसमुसळेपणाने करेल, त्यापेक्षा मी बरी. पण खरं म्हणजे ते काम अवघड होतं आणि स्टुडिओत ते माझ्याइतकं चांगलं कुणालाच जमलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या एका दृश्यातून हिरोचा चेहरा घेतला, ऊन डावीकडून होतं ते जुळवलं, धुळीचा थर चढवला. त्या आठवड्यात मी फार खुशीत काम केलं. शेवटी सुपरवायझर पडद्याला नाक लावून म्हणाले, "सांधा सापडत नाही." त्या दिवशी मी डबा चवीने खाल्ला, हे मला आठवतं.

काकांना आधी आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून सांगितलं नव्हतं. आता तोंड उघडवेना म्हणून सांगितलं नाही. सिनेमा लागल्याचं त्यांना पेपरातून कळलं आणि त्यांच्या मुलीने, माझ्या अक्काने, तिघांची तिकिटं काढली. मला टाळता आलं असतं. मी गेले.

सकाळचा खेळ होता. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खाणीचं दृश्य सुरू झालं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "आता," ते म्हणाले. हिरो उडाला, भिंतीवर चढला, तोंड वळलं. लख्ख, धारदार, प्रत्येक पापणी दिसेल असं.

अक्का वाकून हळूच म्हणाली, "अप्पा, हा तर हिरोच आहे."

काकांनी माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "डोकं जुनं झालं. मी पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानेच पुन्हा केलं असेल. मी दवाखान्यात होतो, मला कोण सांगणार?"

"असेल, अप्पा," अक्का म्हणाली. समजूत घालण्याचा तो सूर होता. सांगायचं तर तीच वेळ होती. मी रिक्षावाल्याला पुढच्या गल्लीत वळायला सांगितलं, तेवढंच बोलले.

आठवड्याने अक्काचा फोन आला. म्हणाली, "अप्पा विचित्र वागतायत. काल मला विचारलं, मी इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगत होतो का? जेवण पण कमी झालंय. तू येऊन बोल ना, तुझं ऐकतात."

मी दुपारी रजा टाकून गेले. अक्का खाली बसून फरसबी चिरत होती, काका खिडकीशी. मी उभ्यानेच सांगून टाकलं. तुमचा चेहरा होता, अगदी स्वच्छ होता, आणि त्यावर हिरोचा बसवला.

"कोणी?" काकांनी विचारलं.

"मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. कोडं पडल्यासारखे बघत होते. अक्काने विळी बाजूला सारली. ती म्हणाली, "तू शेजारी बसली होतीस. रिक्षात पण होतीस."

मी हो म्हटलं. नोकरी, निर्माता, वरून आलेला हुकूम हे सगळं चेहरा बसवण्यापुरतं पुरतं. रिक्षातल्या गप्प बसण्याला ते पुरत नाही.

"मला दाखव," काका म्हणाले.

सुपरवायझरांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांना आत आणू दिलं. हिरोचा चेहरा बसवण्याआधी साफ केलेलं दृश्य मी उघडलं. काका चष्मा सारखा करत पुढे झुकले. पडद्यावरच्या तरुण काकांनी डोळे घट्ट मिटले होते आणि तोंड वाकडं झालं होतं.

"किती भ्यालोय," ते म्हणाले. "मास्टर ओरडत होते, डोळे उघडे ठेव म्हणून. मला वाटत होतं, ठेवले होते." मग पडद्याकडे बोट करून, "हे खरं जसं झालं तसं चालवता येतं?"

मी ते उलटं चालवलं. आता ते भिंतीवरून मागे झेपावले, हवेत आडवे झाले आणि खाली आले. धूळ या वेळी बाहेरच्या बाजूला उडाली. पाय दगडावर टेकला तिथे शेजारी बसलेल्या काकांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

"हं," ते म्हणाले. "असंच."

पुन्हा चालव म्हणाले, मी चालवलं. मग विचारलं, "थिएटरातलं बदलता येणार नाही ना आता?"

"नाही, काका."

"परवायिल्ल," ते म्हणाले. असू दे, हरकत नाही. दूधवाल्याला उशीर झाला तरी ते याच आवाजात हेच म्हणतात, त्यामुळे मला त्यातून काही कळलं नाही.

अक्का माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी नाही. सणाला डबा येतो, शेजारच्या मुलीच्या हातून. काका मात्र पुन्हा जेवू लागले, पुन्हा गोष्ट सांगू लागले. मिटलेल्या डोळ्यांसकट. परवा मी गेले तेव्हा खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "पण सार, मी पाहिला ना नवा प्रिंट. त्यात तर हिरोचाच चेहरा आहे."

काकांनी माझ्याकडे हात केला. "ते हिने बसवलं," ते म्हणाले. "माझी पुतणी. सांधा कुठे सापडतो का बघा."

त्या गृहस्थांनी माझं कौतुक केलं. मी कॉफीचे पेले गोळा करून आत गेले.