शेकआउटचा ठेका

मी माइक लावले, हेडफोन चढवले आणि म्हणालो, "हं मामा, आता मशिन सुरू करा."

शंकरमामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पायताण घालून देवळात शिरलोय. "आज? खंडेनवमी हाय की. आज मशिनला हात लावत्यात व्हय?"

मी साउंड रेकॉर्डिस्ट. शिवाजी पेठेत छोटा स्टुडिओ आहे. भजनं आणि निवडणुकीच्या घोषणा, यावर माझं घर चालतं. पण कॉलेजात असताना एका परदेशी इंडस्ट्रियल मेटल अल्बमनं मला वेड लावलं होतं. इंडस्ट्रियल मेटल म्हणजे कर्कश गिटार आणि जोडीला कारखान्यातल्या यंत्रांचा दणका. त्यापायीच मी इंजिनिअरिंग सोडलं. शंकरमामांच्या लेकीचा, सायलीचा, तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी तिला तो अल्बम तोंडपाठ. पोरगी तिथंच मला आवडली.

माझ्याकडं रेकॉर्डिंगला आणलेलं तिच्या बँडचं गाणं झकास होतं. यंत्रांचे आवाज मात्र नेटवरून उतरवलेले, अगदीच फुसके.

"तुझ्या पप्पांच्या फाउंड्रीतले घेऊ," मी म्हणालो.

मामा कागल एमआयडीसीत शेकआउटवर. वाळूच्या साच्यात ओतलेलं लोखंड गदागदा हलवून त्याची वाळू झाडणारं ते मशिन. लेकीचं गाणं लागलं की "ह्येला गाणं म्हणत्यात?" म्हणून ते उठून जायचे. त्यांनी एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

तरी मामांनीच साहेबांना विचारलं. बाहेरच्यांना आत सोडतात ते फक्त पूजेच्या दिवशी, म्हणून तोच दिवस ठरला. पूजेला मशिनं बंद असतात, हे कोल्हापुरात जन्मून मला सुचलं नाही. मामांना वाटलं, आम्हाला पूजाच रेकॉर्ड करायचीय.

झेंडूच्या माळा घातलेलं शेकआउट गप्प उभं होतं. सायलीचा चेहरा बघवेना. तेवढ्यात आरती सुरू झाली. माइक चालूच होते.

सायलीनं माझा दंड धरला. "सर, टाळ्या ऐका." दोन झटपट, मग जरा दम खाऊन एक जड. सगळी शिफ्ट तशीच वाजवत होती.

"पप्पा, हा ठेका कुठला?"

"कुठला म्हंजे? शेकआउटचा. हातात बसलाय."

त्याच टाळ्या आम्ही गिटारखाली घातल्या. मामा स्टुडिओत आले ते दाराजवळच टेकले, उठून जायच्या तयारीनं. गाणं सुरू झालं आणि त्यांचा हात आपोआप मांडीवर पडू लागला. दोन झटपट, एक जड. गाणं संपलं तरी ते बसूनच होते.

"परत लावा की," ते म्हणाले.

सायलीचे डोळे भरले होते, तिला बटण दिसेना. मीच लावलं.

आता कारखान्यात रेकॉर्डिंगला जाण्याआधी मी कॅलेंडर बघतो. सण असला तर नक्की जातो.