काँपाद्रे नसलेला माणूस

माझा धाकटा भाऊ फाउस्तिनो कधी कुणाच्या पोराचा धर्मपिता झाला नाही. आमच्या खोऱ्यात असा माणूस म्हणजे वेडा नाहीतर माणूसघाणा. बाप्तिस्म्याला जो लेकराला हातावर घेतो, तो त्याच्या बापाचा जन्माचा काँपाद्रे. सख्ख्या भावाला कोर्टात खेचा, पण काँपाद्रेविरुद्ध तोंड उघडायचं नाही. फाउस्तिनो आठवड्याचं वर्तमानपत्र काढायचा. लिहिणं, छापणं, विकणं, सगळं एकटाच. म्हणायचा, "ताई, काँपाद्रे केला की एक माणूस बातमीतून सुटला."

"आणि तुला खांदा द्यायला कोण येणार? तुझं छपाईचं यंत्र?" मी विचारायची.

ट्रकवाल्या सिक्स्तोनं लेकीचा धर्मपिता व्हा म्हणून विचारलं, तेव्हाही तो नाहीच म्हणाला. सिक्स्तोनं राग धरला नाही. उलट माझ्या पावाच्या दुकानात बसून त्यानंच सांगितलं, की वरच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचं सिमेंट त्याच्या ट्रकमधून नगराध्यक्ष ओक्तावियोच्या नव्या हॉटेलवर उतरलं.

"कोर्टात सांगशील?" फाउस्तिनोनं विचारलं.

"छातीठोक! माझी म्हातारी रोज पाण्यासाठी डोंगर उतरते, दादा."

बातमी छापून आली आणि ओक्तावियोनं अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. वकील थेट राजधानी लिमाहून आणला. भरपाई अशी मागितली, की यंत्र आणि घर दोन्ही विकूनही भागलं नसतं. फाउस्तिनोपाशी पुरावा म्हणून एकटा सिक्स्तो होता.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी ओक्तावियो सिक्स्तोच्या दारात उभा. हातात पोरीसाठी पांढरा झगा, मागे बँडवाले. "पोर अजून बाप्तिस्म्यावाचून? माझ्या गावात? धर्मपिता मी!" स्वतःहून दारी आलेल्या धर्मपित्याला परत पाठवलं तर लेकरू जगत नाही, असं आमच्याकडे मानतात. सिक्स्तोची बायको रडली म्हणे, पण तिनं दार लावलं नाही. बाप्तिस्मा झाला, सगळ्या गावानं डुक्कर खाल्लं, मक्याची दारू, चिचा, ढोसली.

कळताच फाउस्तिनो धावत सुटला आणि त्याच्यामागे मी. कुणापुढे मान न वाकवणारा माझा भाऊ त्या अंगणात गुडघ्यांवर बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सिक्स्तो, तू पाहिलंयस. तेवढंच बोल. बाकी काही नको."

"पाहिलंय, दादा. पण आता तो माझा काँपाद्रे आहे."

"विकत घेतलं त्यानं तुला!"

"तुम्हाला तर फुकट देत होतो," सिक्स्तो म्हणाला. "तुम्हीच नको म्हणालात."

कोर्टात त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, ट्रक माझाच, माल कुठे उतरला ते आठवत नाही. आम्ही हरलो.

यंत्र बाहेर काढायला दाराची चौकट फोडावी लागली. हमाल गल्लीतलेच. एकजण हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही खरंच लिहिलं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे." माझं डोकंच फिरलं.

"ठाऊक होतं, तर कोर्टात काय तोंडात मूग भरले होते?"

काँपाद्रे म्हणा, धर्मकन्या म्हणा, ओक्तावियोचं कुठलं तरी नातं घरोघर आहेच.

घरही गेलं. आता फाउस्तिनो माझ्या दुकानात पाव विकतो. लोक अजून येतात. कुणी काय गिळलं ते त्याच्या कानाशी कुजबुजतात. परवा वरच्या वस्तीतली एक बाई आली. "दादा, शाळेचं छप्परही त्यानंच खाल्लं हो. लिहा ना! फक्त माझं नाव नका घालू."

त्यानं पाव गुंडाळून तिच्या हातात दिले. ती गेली तसा पिठाच्या पोत्यावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. साठीला आलेला माझा भाऊ! मी त्याला पोटाशी धरलं.

"ताई," तो म्हणाला, "तिनं नाव घालू दिलं असतं, तरी मी छापणार होतो कुठे?"