मामाने रंगवलेली पाल

समजा, तुम्ही घरातली खोली रंगवताय. सामान मधोमध ओढून त्यावर जुनी चादर टाकलीय, डोक्याला फडकं बांधलंय, तीन भिंती झक्कास उरकल्यात. चौथीवर रोलर फिरवता फिरवता दिसतं, की बरोब्बर तुमच्या वाटेत एक पाल बसलीय. काय कराल?

माझ्या मामाने तिला वळसा घातला.

मामा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढा स्क्रू चिमट्याने बसवणारा माणूस, पण पालीला मात्र जाम घाबरतो. हे मामीलाही ठाऊक नव्हतं. तिच्या मते घरच्यांत पालीला घाबरणारी एकच व्यक्ती होती, तिची आई.

आणि हा सगळा खटाटोप त्या आईसाठीच चालला होता. गुडघे दुखायला लागल्यापासून तिने एकटं राहू नये, असा मामीने ध्यास घेतला होता. पण मागच्या खेपेला याच खोलीत पाल दिसली आणि म्हातारी उलट्या चपला घालून घरी गेली. आता खोली नवीकोरी दिसली तर राहील, एवढीच आशा. ती संध्याकाळी येणार होती.

"शुक शुक," मामा कुजबुजला. पाल ढिम्म. त्याने टाळ्या वाजवल्या.

"अहो, टाळ्या कसल्या?" स्वयंपाकघरातून मामी ओरडली.

"रंग छान बसलाय म्हणून!"

"कौतुक नंतर करा. आधी उरका."

शेवटी मामाने बारीक ब्रश काठीला बांधला. भीती होतीच, पण हात घड्याळजीचा. शेपटीचा बाक, पायांची बोटं, सगळं जपून त्याने भोवतीने पिवळा रंग भरला. शेवटचं बोट झालं आणि पाल निवांतपणे छताकडे निघून गेली. पिवळ्या भिंतीवर राहिली जुन्या हिरव्या रंगाची हुबेहूब पाल.

मामाने ती जागा डब्याच्या तळाशी उरलेल्या रंगाने भरली. तो वाळून गडद झाला. मघाशी पाल हिरवी तरी होती. आता ती पालीच्या रंगाची झाली. कपाट पुढे सरकवेपर्यंत सासूबाई दारात.

किंकाळी फुटली. दुखरे गुडघे विसरून त्या थेट स्टुलावर चढल्या.

"आई, आई, खरी नाही ती! मी काढलीय!" मामा ओरडला.

"काढलीय म्हणजे?"

"रंगाने. चित्र आहे."

"सासू येणार म्हणून भिंतीवर पाल काढलीत?"

मामीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याला खरी पाल परवडली असती. त्याने घाईघाईने त्या आकारावर तळहात ठेवून दाखवला. सासूबाईंनी पुन्हा ठेवायला लावला. मग स्टुलावरच बसून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "हात भारी आहे हो तुमचा, जावईबापू. बोटंसुद्धा सोडली नाहीत!"

आणि त्या राहिल्या.

आठवड्याने खरी पाल छतावरून उतरून चित्राशेजारी बसली. मामा दाराकडे सरकला. आता म्हातारी बॅग भरणार!

पलंगावर पडल्या पडल्या सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, दुसरी कधी काढलीत?"

"सकाळीच. तुम्ही झोपला होतात."

"जोडी शोभते हो. हात लावून दाखवा ना, परवासारखा."

"रंग... रंग ओला आहे, आई."

दुसऱ्या दिवशी पाल खिडकीपाशी. "हिला इकडे घेतलीत होय? बरं केलंत, उजेड आहे. लावा बरं हात."

"अजून ओला आहे."

परवा मी दुकानात गेलो, तर मामा भिंग कपाळावर सरकवून, समोरचं घड्याळ उघडं टाकून विचारात बसला होता.

"तू इंजिनियर ना? मग सांग," तो म्हणाला. "रोज त्या हात लावायला सांगतात, रोज मी ओला आहे म्हणतो, आणि त्या पदर तोंडाला लावून मान डोलावतात. त्या खरंच फसल्यात, की मी किती घाबरतो ते बघायला राहिल्यात?"