रक्त साफ हाय

आयुष्यात मी चुकीचं लय बोललो. बायकोला बोललो, साहेबांना बोललो, एकदा तर व्याह्यांना भर पंगतीत बोललो. त्याचं फार काही वाटत नाही. पण "रक्त साफ हाय" एवढं एका धनगरणीला बोललो, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पूर्णेच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. दवाखान्यात एक डॉक्टरसाहेब, एक मी आणि एक पितळी मायक्रोस्कोप. त्याला आम्ही खुर्दबीन म्हणायचो. साहेब सोडून तिला हात लावायची मुभा फक्त मला, म्हणून माझी मान जरा ताठच असायची.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी ती बाई घोडी घेऊन आली. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला. दोन लेक, दोन सुना आणि शंभरेक मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारी. घोडीच्या पायांना सूज, पोटाखाली सूज, चालताना मागचे पाय लटपटायलेले.

"ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो," बाई म्हणाली. "खायलीय लय, पर वाळतच चाललीय. दादा, हिला काय झालं तर आमचं बिऱ्हाड रानातच बसंल बघ. भांडी, वाकळा, नवी कोकरं, समदं हिच्याच पाठीवर."

मी घोडीच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला आणि काच खुर्दबिनीखाली सरकवली. रक्ताच्या गोल पेशींना धक्के देत एक जंतू वळवळत होता, उथळ पाण्यातल्या मासोळीसारखा. सगळा जीव एका पेशीचा, पण मस्ती केवढी! साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "सर्रा." गोमाशा एका जनावराला चावून दुसऱ्याला चावतात, त्यातून तो पसरतो. म्हशी बहुधा निभावून नेतात, घोडं मात्र जातं. साहेबांनी शिरेतून इंजेक्शन दिलं आणि बजावलं, आठव्या दिवशी दुसरं, ते चुकवायचं नाही.

सातव्या दिवशी बाई परत हजर. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. घोडीचा ताप उतरलेला, सूज ओसरलेली, डोळ्यांत तेज आलेलं.

"आमाला आजच निघायचंय," बाई म्हणाली. "चुडाव्याच्या शेतकऱ्याला शब्द दिलाय. उद्या मेंढरं बसवायचीत."

मेंढरं बसवायची म्हणजे कळप रात्रभर शेतात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्यांचं खत शेताला, ज्वारी धनगराला. ठरल्या दिवशी कळप पोचला नाही तर शेतकरी दुसऱ्या धनगराला बोलावतो आणि पुढच्या वर्षी तोंड फिरवतो. बाईच्या घरात शब्द मोडायची रीत नव्हती.

"रगत बघ अन् सोड आमाला," ती म्हणाली. मी पाहिलं. खरं सांगतो, एकदाच पाहिलं. काचेवर काही म्हणता काही नव्हतं. मी ऐटीत मान वर केली आणि म्हणालो, "मावशी, रक्त साफ हाय. जा खुशाल." बाईनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांचं सगळं शिक्षण हैदराबादेत झालेलं. चिडले की मराठी सोडून थेट दखनीत शिरायचे.

"छोड़ दिये? दूसरी सुई के बगैर? इत्ती जल्दी कैकू जी?"

"साहेब, काच साफ होती."

"काच साफ होती! अहो, तो जंतू कपडे बदलतो, कपडे!" मग खुर्ची ओढून त्यांनी मला समोर बसवलं. अंगातले पहारेकरी जंतूला त्याच्या डगल्यावरून ओळखतात आणि झोडपून काढतात. तेव्हा ताप उतरतो आणि रक्त रिकामं दिसतं. पण लाखांत एखादा आधीच वेगळा डगला घालून बसलेला असतो. त्याला कोणी ओळखत नाही. मग त्याचीच पिलावळ वाढते आणि ताप पुन्हा चढतो. औषध अर्धं दिलं तर आणखी वाईट. कच्चे मरतात, औषध पचवणारा तेवढा उरतो, आणि पुढं तेच औषध त्याच्या वंशाला पाण्यासारखं.

माझ्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना, तेव्हा साहेब म्हणाले, "आपल्या कचेऱ्या बघा. कालपर्यंत निजामाची शेरवानी आणि गोंड्याची रूमी टोपी होती ना? आठवड्यात सगळे पांढऱ्या टोपीत. माणसं तीच! तुमच्या ट्रंकेत काय आहे, सांगू?"

माझ्या ट्रंकेत माझी रूमी टोपी होती, कागदात गुंडाळून ठेवलेली.

पेन्शनीत निघाल्यावर कितीतरी वर्षांनी एका मासिकात वाचलं, की त्या जंतूच्या आनुवंशिक द्रव्यात असे शेकडो डगले घडी करून ठेवलेले असतात. एका वेळी एकच अंगावर, आणि जुन्यांचे तुकडे जोडून तो नवेही शिवतो. वाचून मी मोठ्यानं म्हणालो, "लबाडा!" बायकोला वाटलं, मी तिलाच बोललो.

पण त्या दिवशी हसू कुठलं यायला! घोडी मेली तर ती माझ्या जिभेनं मेली, एवढंच डोक्यात. साहेबांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली. "तुम्ही सोडली, तुम्हीच जा."

सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरलो आणि विचारत विचारत शेत गाठलं. घोडी बाभळीखाली मान टाकून उभी होती. अंग तव्यासारखं तापलेलं.

"तूच म्हणलास ना, साफ हाय?" बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"म्हणलो. चुकलो मावशी. माझीच चूक हाय."

तोवर मी जन्मात कुणाला चुकलो म्हणालो नव्हतो. बाईनं मला आणि माझ्या पितळी नळीला असं काही धुतलं, की मेंढरं चरायची थांबली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "टोच लवकर. बघत काय बसलास?"

साहेबांनी सांगितलं होतं, पुरते तीन आठवडे घोडीवर ओझं नाही, चालवणं नाही. पुढचा शेतकरी तर पेडगावला वाट बघत होता. बाईनं कळप लेकांबरोबर पुढं धाडला. कोकरं सुनांच्या खांद्यावर, भांडी लेकांच्या डोक्यावर. ती स्वतः त्या बाभळीखाली घोडीजवळ राहिली. लग्न झाल्यापासून कळप सोडून राहायची तिची ही पहिलीच खेप.

मी दर दिवसाआड गाडीनं जायचो. काच घ्यायची, आणून बघायची, नंतरची इंजेक्शनं वेळेवर द्यायची. ती दर वेळी विचारायची, "साफ हाय का?" मी म्हणायचो, "आज दिसला न्हाई." ती चिडायची, "ह्येला काय उत्तर म्हणत्यात का? म्हण की साफ!" पण माझी जीभ उचलायची नाही. तीन आठवडे ताप आला नाही, सूज उतरली, पाय घट्ट झाले. साहेबांनी सोडा म्हटलं. तरी माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. बाई घोडी घेऊन पेडगावकडं गेली आणि मी वर्षभर मनातल्या मनात धसका घेऊन बसलो. दवाखान्याच्या दारात घोडं दिसलं की तीच घोडी तर नाही ना, ते आधी बघायचो.

पुढच्या वर्षी दिवाळी उलटली आणि दारात तीच घोडी. अंगानं भरलेली, पाठीवर बिऱ्हाड, झोळीतून दोन कोकरं तोंडं काढून बघायलेली. मला इतका आनंद झाला, की मी साहेबांच्या देखतच घोडीच्या गळ्यात पडलो.

"पुरं, पुरं," बाई म्हणाली. "रगत बघ."

मी चारदा पाहिलं. काच बदलून पुन्हा पाहिलं. मग बाहेर येऊन तोंड उघडलं, तोच तिनं हात वर केला.

"थांब. आज बोलू नगंस. आमी दोन दिस हितंच हाव. परवा पुन्हा बघ, मग बोल."

"अन् चुडाव्याचं? मेंढरं बसवायची न्हाईत?"

"त्याला निरोप धाडलाय, दोन दिस उशिरा येते म्हणून."

शब्दासाठी घोडी पणाला लावणारी ती बाई, स्वतःहून मुक्काम लांबवून दवाखान्याच्या पायरीवर बसली होती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. बाहेर आलो, बोलायला गेलो आणि रडूच फुटलं. रडत रडतच म्हणालो, "मावशी, रक्त साफ हाय."

"ठावं हाय मला. वरीसभर ताप न्हाई हिला. तुज्या तोंडून ऐकायचं हुतं," ती म्हणाली, आणि झोळीतलं कोकरू नीट बसवून चुडाव्याच्या वाटेला लागली.