नळीतलं पाणी

आमच्या घरमालकांचा या जगात फक्त भरती-ओहोटीवर विश्वास आहे, आणि तीसुद्धा ते खाडीवर जाऊन बघून आल्याशिवाय मान्य करत नाहीत. करावे गावातल्या त्यांच्या इमारतीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मी बेल वाजवली की काका दाराच्या भिंगातून मला नीट न्याहाळतात आणि तरीही "कोन?" म्हणून विचारतात. दिवाळे गावच्या मासळीबाजारात सख्ख्या बहिणीकडून पापलेट घेतानाही कल्ले उचलून बघतात. ती तोंडभर शिव्या देते, हे शांतपणे दुसरं पापलेट उचलतात. सीवूड्सच्या मॉलमध्ये तर त्यांनी सरकत्या जिन्याने आधी मला वर पाठवलं आणि मी सुखरूप पोचल्याचं पाहून स्वतः साध्या जिन्याने चढत आले.

अशा माणसाच्या बायकोचं, म्हणजे आमच्या मावशींचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण नंतर त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. मी काकांबरोबर आयसीयूत गेलो. मावशींच्या तोंडातून निघालेल्या नळीत थेंब जमले होते आणि मशीनपाशी पाण्याचं एक छोटं भांडं तापत होतं. ते बघून काका पांढरेफटक पडले. त्यांचा थोरला भाऊ खाडीत बुडाला होता, आणि त्याला बाहेर ओढून काढलं होतं ते यांनीच.

"तिचे छातीत पानी भरतान! बंद करा ते. नायतर मी तिला दुसरीकडं नेतो."

या अवस्थेत हलवणं म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यासरशी काकांचा डॉक्टरांवरही संशय बसला आणि ते अँब्युलन्ससाठी फोन लावायला लागले. शेवटी तिथली सिस्टर म्हणाली, "काका, फोन नंतर करा. आधी नाक दाबा आणि तोंडाने श्वास घ्या बघू." एसीच्या त्या हवेत थोड्याच वेळात काकांचा घसा कोरडा पडला आणि त्यांना ठसका लागला.

"बघितलं? हवा गरम आणि ओली करायचं काम नाकाचं. या नळीमुळे मावशींचं नाक राहिलं बाजूला, म्हणून ते काम हे भांडं करतंय. कोरडी हवा दिली तर कफ सुकून नळी तुंबेल. आत पाणी जात नाही काका, नुसती वाफ जाते. जमलेले थेंब आम्ही काढून टाकतो."

काकांनी त्या भांड्यात भरायच्या पाण्याची सीलबंद बाटली मागून घेतली, उजेडाला धरली, उलटी करून पाहिली आणि फोन खिशात टाकला. "ठेव चालू. पन माजं लक्ष हाय."

मावशी घरी आल्या. ऑक्सिजन मोजायचं यंत्र मुलाने आणून दिलंय, पण त्यावर कोण विश्वास ठेवतो! दुपारी मावशींचा डोळा लागला की काका चोरपावलांनी येतात आणि त्यांच्या नाकासमोर तळहात धरतात. श्वासाची दमट ऊब हाताला लागली की मुकाट्याने बाहेर जाऊन बसतात. मावशींनी हे माझ्या बायकोला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो.

"जागीच असते गं मी," त्या म्हणाल्या. "पन डोले उघडले तर लाजतील ते. म्हनून हात निघंपर्यंत नीट श्वास घेत पडते."